नाताळची तयारी: आगमनकाळात सेवा नेमकी कोणाची आणि कशी करावी?

पहाटतारा

आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा तयारीचा काळ, तोंडावर आला आहे. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) यंदा सेवेच्या कामाची जबाबदारी माझ्यावर आणि आणखी दोघांवर सोपवली आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

आजवरचा आमचा क्रम ठरलेला. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भेटवस्तूंची खोकी बांधायची, एखाद्या बालगृहात किंवा वृद्धाश्रमात जायचं, चार गाणी म्हणायची, वाटप करायचं आणि फोटो काढून परतायचं. यात वाईट काहीच नाही. पण तेवढ्याने आपली नाताळची तयारी होते का, हा प्रश्न मला काही दिवसांपासून सोडत नाही.

दिवस तसे कमीच मिळतात. आगमनकाळाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो. त्यामुळे हा काळ कधी २८ दिवसांचा असतो तर कधी जेमतेम २२ दिवसांचा. २०२३ मध्ये चौथा रविवार थेट २४ डिसेंबरलाच आला होता. एवढ्या दिवसांत कॅरलचा सराव, सजावट, मुलांची नाटिका, खरेदी हे सगळं बसवायचं आणि सेवा मग उरलेल्या वेळात.

मला हा क्रम उलटा वाटतो. या काळात आपण योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचं वाचन ऐकतो. लोक त्याला विचारतात, "मग आम्ही काय करावं?" (बायबल, लूक ३). तो त्यांना जास्त प्रार्थना करा किंवा जास्त उपास करा असं सांगत नाही. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, अन्न असेल त्यानेही तसंच करावं, असं सांगतो. प्रभूची वाट तयार करा म्हणणारा माणूस तयारीचा पहिला धडा म्हणून हे सांगतो. म्हणजे सेवा हीच तयारी आहे, तयारी झाल्यावर करायची जादा गोष्ट नव्हे.

तुमच्या मंडळींत, धर्मग्रामांत हे कसं करता ते लिहा. कोणासाठी करता, मुलांना कसं सामील करता, पैशांचं काय, सगळंच. मतभेद असतील तर तेही येऊ द्या.

कंदील

चांगला विषय. वाचतोय. आमच्याकडेही खोकी आणि फोटो हाच प्रकार आहे.

जुना_सेवक

पहाटताराताई, या कामात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी विचारा. काय वाटायचं हे आपल्या बैठकीत ठरवू नका. ज्यांच्याकडे जायचं आहे त्यांना नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच भेटा आणि नुसतं ऐकून या. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांना विचारलंत तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळेल: डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत आमच्याकडे इतके गट येतात की आजीआजोबांना दुपारी पडायलाही मिळत नाही. आणि जानेवारी उजाडला की कोणी फिरकत नाही. घोंगड्यांचे ढीग साचलेले असतात आणि चष्म्याची काच बदलायला, कानातल्या यंत्राची बॅटरी आणायला, बँकेत सोबत जायला माणूस नसतो. एका आजींनी मला सांगितलं होतं, "गाणी छान म्हणता रे, पण माझं पत्र लिहून द्यायला कोणी थांबेल का?" तेव्हापासून आमच्या गटातले दोघेजण कायम कागद-पेन घेऊन जातात आणि गाण्यांच्या वेळी खोलीत न येणाऱ्यांपाशी बसतात.

दुसरं. वगळलं कोण जातंय हे पाहायला कोणीतरी नेमा. हे फार जुनं दुखणं आहे. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ काढा. यरुशलेमेतली पहिली मंडळी, प्रेषित (येशूचे निवडलेले शिष्य) स्वतः हजर, तरीही रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. वाईट हेतूने झालं असं तिथे म्हटलेलं नाही. भाषा वेगळी, ओळखी वेगळ्या, यादी करणारे दुसऱ्या गटातले. असंच होतं ते. उपाय काय केला, तर सात जण निवडले, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती काम दिलं, असं त्यावरून दिसतं. आपण मात्र यादी करताना आपल्याच ओळखीतून करतो. जो उपासनेला येतो, जो पाळकसाहेबांना भेटतो, त्याचं नाव लागतं. जो लाजेने यायचाच थांबला, त्याचं राहून जातं.

यंदा यादी करायला बसाल तेव्हा ज्यांना आजवर मदत मिळत आली त्यांच्यापैकी किमान दोघांना त्या टेबलाभोवती बसवा. मदत घेणारे म्हणून नव्हे, ठरवणारे म्हणून.

निळाई

जुना_सेवक काकांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझ्याकडून शंभर वेळा अनुमोदन. मी पलीकडच्या बाजूने लिहिते आहे.

माझं बालपण मदत घेणाऱ्या घरात गेलं. डिसेंबरमध्ये आमच्या दारात माणसं यायची. चांगली माणसं होती, आजही त्यांच्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण ती दारात उभी राहिली की माझे बाबा मागच्या दाराने बाहेर जायचे. आपल्या मुलांच्या हातात खेळणं परक्या माणसाने द्यायचं आणि आपण भिंतीला टेकून हसायचं, हे त्यांना जमत नसे. आई एकटी सगळ्यांना बसवायची. आम्हा भावंडांना रांगेत उभं करून फोटो काढले जायचे.

मग एका वर्षी मंडळीतल्या एका बाईंनी निराळं केलं. त्या नोव्हेंबरात आल्या, एकट्याच. आईशी बोलल्या, आमची मापं आणि आवडीनिवडी विचारून गेल्या. नंतर सगळं सामान एका साध्या पिशवीत, वेष्टनाच्या कागदासकट, आईबाबांच्या हाती देऊन गेल्या. नाताळच्या सकाळी ते आम्हाला आमच्या बाबांनी दिलं. ते कुठून आलं हे मला मोठी झाल्यावर कळलं. त्या दिवशी बाबा घरात होते.

म्हणून ज्या घरात आईवडील आहेत तिथे मुलांना भेट तुम्ही देऊ नका. आईवडिलांना द्या, त्यांना देऊ द्या. काही मंडळ्या यासाठी छोटं दुकानच मांडतात. देणगीतून आलेल्या नव्या वस्तू टेबलांवर ठेवायच्या, पालकांनी येऊन आपल्या मुलांसाठी निवडायच्या, बाजूला वेष्टन बांधायची सोय. पूर्ण फुकट घेणं ज्यांना नको वाटत असेल त्यांच्यासाठी नाममात्र किंमत ठेवायची. निवडायला मिळणं ही गरिबाला क्वचित मिळणारी गोष्ट आहे.

बायबलमध्ये याचं सर्वांत सुंदर उदाहरण मला रूथच्या पुस्तकात दिसतं, आणि ते बेथलेहेमातच घडतं. कापणी करताना शेताच्या कडा सोडाव्यात, सांडलेलं वेचू नये, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावं, असा लेवीय १९ मधला नियम होता. विधवा, परदेशी रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला येते. बवाज तिला बोलावून धान्याची रास देऊ शकला असता. तो आपल्या गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं ओढून टाका, तिला वेचू द्या, आणि तिला धमकावू नका. तिचा हात कामात राहतो, मान ताठ राहते आणि पदरात नेहमीपेक्षा जास्त पडतं. पुढे मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात येशूच्या वंशावळीत हे दोघे आहेत. ज्या गावात प्रभू जन्मला त्या गावात शतकांपूर्वी कोणीतरी एका परक्या बाईला न लाजवता मदत केली होती. नाताळच्या सेवेसाठी मला याहून वेगळा आदर्श लागत नाही.

कंदील

निळाई, तुमचा प्रतिसाद आमच्या समितीच्या गटावर पाठवू का? नाव न घालता.

फोटोंबद्दल थेट विचारतो. देणगीदारांना काहीतरी दाखवावं तर लागतं. मग काय करायचं?

निळाई

जरूर पाठवा.

फोटोंचं: खोकी बांधतानाचे काढा, स्वयंसेवकांचे काढा, भरलेल्या टेबलांचे काढा. घेणाऱ्यांचे चेहरे नकोत, मुलांचे तर नकोतच. कोणी आपणहून "माझा काढा" म्हणालं तर गोष्ट वेगळी. मत्तय ६ मध्ये उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं सांगितलं आहे. गावभर कळावं असं तर कुठेच नाही.

शांतिवन

मी रुग्णालयात काम करते, त्यामुळे त्या बाजूचं लिहिते. डिसेंबरात भेटीला येणाऱ्या गटांचं आम्हाला मनापासून कौतुक वाटतं, पण काही गोष्टी आधी माहीत असल्या तर तुमचाही हिरमोड होणार नाही.

परवानगी आठवडाभर आधी घ्या, आणि प्रभारी परिचारिकेशी बोला, केवळ कार्यालयाशी नको. कोणत्या वॉर्डात गाणं चालेल आणि कुठे शांतता हवी, हे तिलाच माहीत असतं. सर्दी-खोकला असलेल्या कोणीही येऊ नये, उत्साह कितीही असो. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांची प्रतिकारशक्ती खालावलेली असते. तुमची साधी सर्दी त्यांना महागात पडू शकते. अशा वॉर्डांत फुलं आणि कुंड्याही बहुधा चालत नाहीत. खाऊ थेट रुग्णाच्या हाती देऊ नका. कोणाला मधुमेह असतो, कोणाची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी असते.

रुग्णांबरोबर त्यांचे नातेवाईकही असतात, त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. रात्री बाकड्यावर झोपणारा मुलगा, घरी लहान मूल ठेवून आलेली आई. त्यांना तासभर सोडवणं, "तुम्ही आंघोळ करून या, मी बसतो इथे" असं म्हणणं, ही फार मोठी सेवा आहे. फक्त त्यासाठी ओळख लागते, आणि ओळख एका भेटीत होत नाही.

आणखी एक मागणं आहे, रक्तदान. सणासुदीच्या आणि सुट्ट्यांच्या दिवसांत नेहमीचे दाते गावाला गेलेले असतात, आणि अपघात, बाळंतपणं, कर्करोगाचे उपचार काही थांबत नाहीत. लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, पण प्लेटलेट्स जेमतेम ५ ते ७ दिवस. म्हणजे नोव्हेंबरात मोठं शिबिर घेतलं तरी २५ डिसेंबरला लागणाऱ्या प्लेटलेट्स त्यातून मिळणार नाहीत. तुमच्या मंडळीत वीस दाते असतील तर एकाच दिवशी सगळ्यांनी न जाता रक्तपेढीशी बोलून नाताळ ते नववर्ष या दिवसांत विभागून जा. जन्मोत्सवाच्या काळात आपलं रक्त कोणा अनोळखी माणसाला जगवतंय, याहून ख्रिस्ती गोष्ट मला सुचत नाही.

वाटसरू

मी ख्रिस्ती नाही. शेजारच्या चर्चमधल्या मित्रामुळे हा धागा वाचायला आलो आणि वाचतच राहिलो. दोन प्रश्न आहेत. राग मानू नका.

एक, माझ्यासारख्याला या कामात येता येईल का? दुसरा जरा अवघड आहे. अशा सेवेबरोबर धर्माची पत्रकं वाटली जातात, किंवा मदत घेतलेल्यांना प्रार्थनेला बसवलं जातं, असं ऐकलं आहे. तुम्ही लोक याकडे कसं पाहता?

बेथानी

वाटसरू, राग कसला? हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारायलाच हवा.

पहिल्याचं उत्तर सोपं: या, अगदी मनापासून या. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला उचलणारा ऐकणाऱ्यांच्या धर्ममंडळातला नव्हता. प्रभूने तरीही त्यालाच आदर्श म्हणून पुढे ठेवलं. तुमच्या हातांना आम्ही अट कशी घालणार?

दुसऱ्याबद्दल मी स्पष्ट लिहिते. माझा प्रभूवर विश्वास आहे आणि मी जे करते ते त्याच्यासाठी करते, हे मी लपवत नाही. कोणी विचारलं, "तुम्ही हे का करता?" तर आनंदाने सांगेन. पण भाकरीला अट जोडायची नाही. भुकेल्या माणसाने आधी प्रार्थनेला बसावं आणि मग ताट मिळावं, हे मला प्रभूच्या वागण्याच्या विरुद्ध वाटतं. लूक १७ मध्ये दहा कुष्ठरोगी बरे झाले. आभार मानायला एकच परत आला, तोही परका. बाकीचे नऊ कुठे आहेत असं येशूने विचारलं. त्याला वाईट वाटलं असणार. पण त्या नऊ जणांचं बरं होणं त्याने परत घेतलं नाही.

मत्तय २५ मधल्या न्यायाच्या वर्णनातही हेच आहे. भुकेलेला, तहानलेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. त्यांच्यापैकी कोणाच्या विश्वासाची चौकशी तिथे होत नाही. आणि ज्यांनी मदत केली त्यांनाही आपण ती राजाला केली याचा पत्ता नसतो. "प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?" असं ते चकित होऊन विचारतात.

आमच्याकडचा नियम असा: वाटपाच्या ठिकाणी पत्रक नाही. नाताळच्या उपासनेचं आमंत्रण द्यायचं असेल तर दारावर फलक लावायचा, ज्याला यायचं तो येईल.

जुना_सेवक

बेथानीताईंशी सहमत. एक भर घालतो: कोणी स्वतःहून "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणालं तर मात्र घाईत पुढे जाऊ नका. थांबा, नाव विचारा, तिथेच प्रार्थना करा. तेही मागणंच आहे, शिध्याच्या पिशवीइतकंच खरं.

ताळेबंद

पैशांचा विषय कोणी काढला नाही, म्हणून मी काढतो. आमच्या मंडळीचा हिशेब माझ्याकडे असतो.

नाताळात लोकांचा हात सैल होतो, हे सर्व जगात दिसतं. १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या) कॅप्टन जोसेफ मॅकफी यांना हजार गरिबांना नाताळचं जेवण द्यायचं होतं आणि हातात पैसे नव्हते. लिव्हरपूलच्या धक्क्यावर त्यांनी पूर्वी एक भांडं पाहिलं होतं, येणारे-जाणारे त्यात नाणी टाकायचे. तसंच भांडं त्यांनी बोटींच्या उतारावर टांगलं. आज ते लाल भांडं अनेक देशांत नाताळची खूण झालं आहे. तात्पर्य, लोक द्यायला तयार असतात, त्यांना जागा दाखवावी लागते.

पण जमलेल्या पैशांची काळजी घेणं हाही सेवेचाच भाग आहे, कारकुनी नव्हे. करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय ८ वाचा. यरुशलेमेतल्या गरजूंसाठी प्रेषित पौल वर्गणी गोळा करतोय, आणि ती पोहोचवायला आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला आणखी एक बंधू पाठवतो. कारणही लिहितो: या मोठ्या देणगीबाबत कोणी आम्हाला दोष लावू नये, आणि केवळ प्रभूसमोर नव्हे तर माणसांसमोरही जे बरोबर तेच व्हावं. प्रत्यक्ष पौलाला हे आवश्यक वाटलं, मग आपण कोण?

तेव्हा पेटी दोघांनी मिळून उघडायची, दोघे एकमेकांच्या घरातले नसावेत. मोजणी त्याच दिवशी. कोणत्या कामासाठी मागितले ते लिहून ठेवा आणि त्याच कामावर खर्च करा. उरले तर मंडळीला विचारून पुढचं ठरवा. जानेवारीच्या पहिल्या रविवारी हिशेब फलकावर. घेणाऱ्यांची नावं मात्र फलकावर कधीही नकोत.

आणि जुने कपडे! जे आपण स्वतः घालणार नाही ते देऊ नये. फाटके, डागाळलेले कपडे निवडून टाकण्यात स्वयंसेवकांचे दिवस जातात. कपड्यांऐवजी पैसे मिळाले तर त्या माणसाला त्याच्या मापाचं, त्याच्या पसंतीचं घेता येतं.

पाटीपेन्सिल

संडे स्कूलची शिक्षिका आहे, मुलांबद्दल मी लिहिते.

आगमनाच्या मेणबत्त्यांचं वर्तुळ आपण चर्चमध्ये लावतो, त्याची गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगते, कारण ती सेवेतूनच जन्माला आली आहे. योहान हिनरिख विकर्न या जर्मन पाळकांनी हॅम्बुर्गमध्ये १८३३ साली गरीब, निराधार मुलांसाठी घर उघडलं. नाताळ कधी येणार म्हणून मुलं रोज भंडावून सोडायची. मग १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या: आठवड्याच्या दिवसांसाठी २० लहान लाल आणि रविवारांसाठी ४ मोठ्या पांढऱ्या. रोज एक पेटवायची. पुढे घरोघरी चारच मेणबत्त्या राहिल्या. माझ्या वर्गातल्या मुलांना हे ऐकून फार वाटतं, की आपण लावतो ती मेणबत्ती आधी त्या मुलांची होती.

याच कल्पनेवर आम्ही उलटी दिनदर्शिका करतो. नेहमीच्या आगमन दिनदर्शिकेत रोज एक खिडकी उघडून मूल काहीतरी घेतं. इथे रोज एक वस्तू खोक्यात ठेवतं. पण नुसत्या वस्तू ठेवल्या तर ते काम आईचंच होऊन बसतं. म्हणून काही दिवस वस्तूंचे, काही कृतींचे. आजोबांना फोन, वर्गात एकट्या बसणाऱ्या मुलाशेजारी बसणं, सफाई करणाऱ्या मावशींचं नाव विचारून त्यांना नावाने हाक मारणं. हे शेवटचं मुलांना वाटतं तितकं सोपं जात नाही, आणि तेच ती सर्वांत जास्त लक्षात ठेवतात. एक सूचना: खोकं २४ तारखेपर्यंत घरी ठेवू नका, वाटप करणाऱ्यांना ते वेळेत मिळायला हवं. नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू करा.

मुलांना भेटीला नेताना पालकांची लेखी संमती घ्या, आणि प्रत्येक गटाबरोबर किमान दोन मोठी माणसं असू द्या. कोणत्याही एका मोठ्या माणसाने कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहायचं नाही. तिथल्या मुलांबाबतही हाच नियम.

कंदील

एक वादाचा मुद्दा टाकतो. आमच्या समितीत दरवर्षी तंटा होतो: सजावट आणि रोषणाईवर खर्च करायचा की तो पैसा सेवेला द्यायचा? मी दुसऱ्या बाजूचा. संत योहान ख्रिसोस्तम यांनी चौथ्या शतकात मत्तयाच्या शुभवर्तमानावर प्रवचन देताना हेच विचारलं होतं, की मंदिरात ख्रिस्ताला रेशमी वस्त्रं घालता आणि बाहेर तो थंडीत उघडा कुडकुडतोय त्याच्याकडे पाहत नाही, हे कसं?

बेथानी

ख्रिसोस्तम यांचं मी मानते. पण त्याच प्रवचनात ते असंही म्हणतात, की मंदिराला देणग्या देऊ नका असं मी म्हणत नाही. त्यांच्याबरोबर, किंबहुना त्यांच्याआधी, गरिबाला द्या. क्रमाचा प्रश्न आहे. आणि सजावटीला माझा विरोध नसण्याचं आणखी एक कारण: ज्यांच्या घरात वर्षभर उजेडाचं काही नसतं, त्यांना चर्चमध्ये तरी सुंदर काही पाहायला मिळावं. गरिबाला फक्त शिधा हवा असतो आणि सौंदर्य नको असतं, असं आपण का समजावं?

तुम्ही समितीला एवढंच सुचवून पाहा: सेवेची रक्कम आधी बाजूला काढा, जे उरेल त्यात सजावट. वाद बराच निवळेल.

कंदील

हे मांडून बघतो. पटण्यासारखं आहे.

उंबरठा

सगळे बाहेरच्यांबद्दल लिहीत आहेत. मला आपल्याच बाकांवर बसलेल्यांबद्दल लिहायचं आहे.

यावर्षी माझी पत्नी गेली. नाताळ जवळ येतो तसं मला चर्चमध्ये जाणं अवघड होतंय. सगळे आनंदात असतात, मला पाहिलं की बोलताना अडखळतात. मला काही नको आहे. कोणी तिचं नाव घेतलं तर बरं वाटेल, एवढंच.

काही मंडळ्या २१ डिसेंबरच्या सुमारास दुःखात असलेल्यांसाठी वेगळी, शांत उपासना ठेवतात असं वाचलं. गाणी कमी, मेणबत्ती लावायची, गेलेल्यांची नावं वाचायची. आमच्याकडे नाही. सेवेच्या यादीत हे बसतं का?

निळाई

बसतं, दादा. सर्वांत वर बसतं. तुमच्या पत्नींसाठी आज रात्री प्रार्थना करते.

जुना_सेवक

उंबरठा, तुमच्या पाळकसाहेबांना तुम्ही स्वतः बोलायची गरज नाही. चालत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, आमच्याकडे या उपासनेचा क्रम लिहून ठेवलेला आहे, मी तो त्यांच्यापर्यंत पोहोचवतो. यात प्रवचन छोटं ठेवतात आणि शेवटी कोणी घाईने उठत नाही. बाहेर पडताना ज्याला एकटं घरी जायचं नसेल त्याच्याबरोबर जायला दोघे-तिघे थांबलेले असतात.

पहाटतारा

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काल आमची बैठक झाली, तिथे हा धागा वाचून दाखवला. जे ठरलं ते लिहिते, म्हणजे काही सुटत असेल तर सांगता येईल.

यंदा एकच वृद्धाश्रम आणि आमच्याच वस्तीतली काही कुटुंबं, बाकी कुठे नाही. जास्त ठिकाणी थोडं थोडं करण्यापेक्षा हे बरं वाटलं. पहिल्या रविवाराआधी ऐकायला जायचं, रिकाम्या हाती. यादी करायला निळाई यांच्या आईसारख्या दोन बायका आमच्याबरोबर बसणार आहेत. त्यांनी हो म्हणायला वेळ घेतला, पण आता त्याच आम्हाला कोण राहिलं ते सांगताहेत. मुलांच्या भेटी पालकांच्याच हाती जातील. रक्तदानासाठी नावं घेतली आहेत, ती २६ डिसेंबर ते २ जानेवारी अशी विभागून. शांत उपासनेला पाळकसाहेबांनी लगेच होकार दिला. उंबरठा, तुम्हाला जमलं तर आमच्याकडे या.

योहानाच्या उपदेशातली आणखी एक गोष्ट बैठकीत निघाली, ती मूळ धाग्यात राहून गेली होती. अंगरख्याचं सांगून तो थांबत नाही. जकातदारांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांना सांगतो, कोणाला लुबाडू नका, आपल्या पगारात समाधानी राहा. म्हणजे दान वेगळं आणि रोजच्या व्यवहारातला न्याय वेगळा, असं त्याच्या लेखी नाही. आमच्यातल्या एका उद्योजकांनी तिथेच सांगितलं, की ते यंदा कामगारांचा डिसेंबरचा पगार नाताळच्या आधी देतील आणि २४ च्या संध्याकाळी कोणाला थांबवून घेणार नाहीत. घरकामाला येणाऱ्या बाईंची पगारी सुट्टी, ठेकेदाराचं अडकलेलं बिल, हे सगळं आम्ही आता सेवेच्या यादीतच धरलं आहे. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी गेला असं लिहिलं आहे. ती मजुरी अडवून आपण दानाचं खोकं कसं बांधणार?

आणि नाताळकाळ २५ तारखेला संपत नाही, तिथे सुरू होतो. म्हणून ६ जानेवारीपर्यंतचं वेळापत्रक आत्ताच केलं आहे. वृद्धाश्रमाची पहिली मोठी भेट आम्ही मुद्दाम जानेवारीत ठेवली. तिथल्या व्यवस्थापकांनी फोनवर दोनदा विचारलं, नक्की जानेवारीतच ना?

शांतिवन

हे फार छान झालं. रक्तपेढीला संख्या आधी कळवा, आणि दात्यांना सांगा, उपाशीपोटी येऊ नका, भरपूर पाणी पिऊन या.

ताळेबंद

हिशेबाच्या तक्त्याचा नमुना हवा असेल तर देतो.

पहाटतारा

हो, हवा आहे. पाठवा प्लीज.

वाटसरू

माझ्याकडे गाडी आहे आणि २४ च्या रात्री मी मोकळा असतो. काही उपयोग होईल का?

पहाटतारा

खूप होईल! रात्रीच्या उपासनेला यायची इच्छा असलेले पण एकटे येऊ न शकणारे बरेच वयस्क सभासद आहेत, त्यातल्या दोघांना चाकाची खुर्ची लागते. त्यांना आणायचं, आणि मुख्य म्हणजे नंतर परत घरी सोडायचं. यायला सगळे मिळतात, मध्यरात्रीनंतर सोडायला कोणी मिळत नाही. खुर्ची मागच्या डिकीत मावते का तेवढं बघून सांगा, मी वेळ आणि पत्ते व्यक्तिगत निरोपात पाठवते.